सामाईक मांडणी-फाइल

सामाईक मांडणी-फाइल : साध्या मजकुराच्या अनेक टिपण-फायलींना लागू होणारे नियम (भाषा, कामाच्या अवस्था, खुणेचे शब्द, छपाईचे पर्याय) एकाच फायलीत लिहून इतर फायलींतून तिचा फक्त निर्देश करण्याची पद्धत. ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या संगणक-कार्यक्रमातील ऑर्ग-मोडमध्ये, म्हणजे टिपणे व कामे नोंदवण्याच्या सोयीत, ती विशेष रेखीव रूपात आढळते. ‘संचिका’ व ‘धारिका’ हे पर्याय परिभाषेत आहेत. बोलताना मात्र सगळे ‘फाइल’च म्हणतात, म्हणून येथे तोच शब्द ठेवला आहे. ‘सामाईक’ हे विशेषण सातबाऱ्यामुळे सर्वांच्या ओळखीचे आहे.

उगमाचा माग दोन वाटांनी काढता येतो. पहिली वाट मजकूर जोडण्याची. जेरोम सॉल्ट्झर यांनी एमआयटीत १९६४ च्या सुमारास लिहिलेल्या ‘रनऑफ’ या मजकूर-मांडणीच्या कार्यक्रमामध्ये दुसऱ्या फायलीतून पुढचा मजकूर घेण्याची आज्ञा होती, युनिक्स या संगणक-प्रणालीवरील ट्रॉफ आणि डोनाल्ड क्नूथ यांचे टेक् या छपाई-मांडणीच्या कार्यक्रमांतही तशी सोय आहे. दुसरी वाट आरंभ-फायलींची, म्हणजे कार्यक्रम सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फायलींची. युनिक्समधील अशा अनेक फायलींच्या नावाअखेरची ‘आरसी’ ही अक्षरे त्याच काळातील ‘रनकॉम’ (रन कमांड्स, आज्ञा चालवा) या शब्दाची आठवण मानली जातात. या फायली कार्यक्रमाचे वर्तन ठरवत, मजकुराला हात लावत नसत. सामाईक मांडणी-फायलीचा घाट पहिल्या वाटेचा वाटला, तरी तिचे कार्य दुसऱ्या वाटेशी अधिक जुळते. वाई (जि. सातारा) येथे संपादित झालेल्या मराठी विश्वकोशात (पहिला खंड १९७६) बाणाचे चिन्ह दुसऱ्या नोंदीकडे नेते, त्याचा अर्थ प्रत्येक नोंदीत पुन्हा सांगितलेला नसतो. संकेत एकदाच ठरवायचा, हे तत्त्व छापील कोशांनाही परके नव्हते.

ऑर्ग-मोड हे कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये सुरू केले. २००७ च्या ईमॅक्स २२ पासून ते ईमॅक्ससोबतच मिळते. टिपणाच्या माथ्यावर हॅश, अधिक चिन्ह, ‘सेटअपफाइल’ हा शब्द, अपूर्णविराम आणि फायलीचा पत्ता एवढी एक ओळ पुरते. त्या फायलीतल्या मांडणीच्या ओळी तेवढ्या वाचल्या जातात. बाकी मजकूर टिपणात येत नाही. ‘इन्क्लूड’ या आज्ञेने मात्र निर्यातीच्या वेळी, म्हणजे टिपण दुसऱ्या स्वरूपात काढताना, मजकूरच आत येतो. नवशिके नेमके येथेच चकतात.

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातील एखादा अडत्या हळदीच्या दर हंगामाची वेगळी फाइल ठेवतो. सामाईक फायलीत अवस्थांची ओळ : ‘आवक पेव सौदा वजन | पट्टी’. उभ्या रेघेच्या डावीकडे चालू कामे, उजवीकडे संपलेली. पूर्वी हळद हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यांत, साठवत. आता गोदाम आले. त्याने ‘पेव’ काढून ‘गोदाम’ लिहिले की सगळ्या हंगामांना नवा शब्द लागू झाला. पण जुन्या फायलींत ‘पेव’ने सुरू होणारे मथळे होते. त्यांतला तो शब्द आता अवस्था राहत नाही, मथळ्याचा साधा भाग बनतो आणि ती कामे यादीतून गुपचूप गळतात. म्हणून जुना शब्द रेघेच्या योग्य बाजूला राहू द्यावा, हे बरे.

बदल उघड्या फायलीत आपोआप उतरत नाही. निर्देशाच्या ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल-सी दोनदा दाबावे लागते, किंवा फाइल बंद करून पुन्हा उघडावी लागते. निर्यात करताना मात्र मांडणी नव्याने वाचली जाते. त्यामुळे पडद्यावर जुने आणि छापलेल्यात नवे, असा घोळ दिसू शकतो. एकच मूल्य असणाऱ्या बहुतेक पर्यायांत नंतरची ओळ भारी ठरते, म्हणून निर्देश वर आणि फायलीचे स्वतःचे अपवाद खाली लिहितात. लाटेक्-शीर्षाच्या (टेक्-वर आधारलेल्या लाटेक् या छपाई-मांडणीला द्यायच्या सूचनांच्या) ओळींची मात्र बेरीज होते. पत्त्याच्या जागी इंटरनेटवरचा दुवाही चालतो. दुसऱ्याच्या ताब्यातली मांडणी अशी आत येऊ नये म्हणून आवृत्ती ९.६ पासून ती उतरवण्याआधी परवानगी विचारण्याची सोय आहे.

इतरत्र हेच काम वेगळ्या रीतीने होते. ईमॅक्स २३ पासून एका फोल्डरसाठी एक मांडणी-फाइल ठेवता येते, तिचा निर्देशही करावा लागत नाही. जेकिल या संकेतस्थळे तयार करणाऱ्या कार्यक्रमामध्ये मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडलेल्या मजकुराच्या) फायलींची पूर्वनिश्चित मूल्ये मुख्य मांडणी-फायलीत देतात.