‘सोसवेल तेवढंच दुःख देव देतो’ असं पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) नाही

हे वाक्य ज्या वचनावरून आलं, ते १ करिंथ १०:१३ (प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १०, वचन १३) मोहाविषयी आहे. मागची वचनं ६ ते १० वाचा: मूर्तिपूजा, जारकर्म, कुरकुर. शक्तीपलीकडचा मोह देव येऊ देत नाही आणि मोहातून निघायची वाट ठेवतो, एवढंच तिथलं अभिवचन. दुःखाचं माप तिथे सांगितलेलंच नाही.

उलट २ करिंथ १:८-९ मध्ये पौल लिहितो की भार शक्तीपलीकडे गेला, जगण्याची आशा सुटली. त्यातून तो स्वतःवर नव्हे, देवावर भरवसा ठेवायला शिकला.

शोकाकुल माणसाला हे वाक्य ऐकवलं की न सोसवणं हा त्याला आपल्याच विश्वासाचा दोष वाटतो, आणि तो मदत मागत नाही. फार वाईट आहे हे! त्याच्याजवळ बसा, सहा वचनांचं स्तोत्र १३ त्याच्यासोबत वाचा, त्याचं एखादं काम उचला. गलतीकरांस पत्र ६:२ एकमेकांची ओझी वाहायला सांगतं.