ऑन्टारिओत मुलाला शाळेतून सस्पेंड केलं तर: कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी अपिलाची प्रक्रिया आणि कागदपत्रं

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, ब्रॅम्प्टनमध्ये आमच्या शेजारी जमैकाहून आलेलं एक कुटुंब राहतं. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्या बाई चुरगळलेलं पत्र घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगा सातवीत, पाच दिवसांचं सस्पेन्शन. फोनवर त्यांना कळलं होतं, पण पत्र दप्तराच्या तळाशी राहिलं आणि चौथ्या दिवशी हाती लागलं. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅलेंडर पसरलं आणि शाळेचे दिवस पेन्सिलीने मोजले. शनिवार-रविवार वगळले, पीए डे (शिक्षकांच्या कामासाठी मुलांना सुट्टी असते तो दिवस) वगळला. अपिलाच्या मुदतीचे सहा दिवस उरले होते.

टोरोंटो जिल्हा शाळा मंडळाच्या आकड्यांवर यॉर्क विद्यापीठात कार्ल जेम्स यांनी २०१७ मध्ये अहवाल केला. त्यात दिसलं की, शाळा संपेपर्यंत ४२ टक्के कृष्णवर्णीय मुलांना एकदा तरी सस्पेंड केलं गेलं होतं. गोऱ्या मुलांमध्ये हे प्रमाण १८ टक्के होतं. त्यामुळे खालची माहिती मुख्यतः या कुटुंबांसाठी आहे. ब्रॅम्प्टन-मिसिसागात आपली मराठी घरं त्यांच्या शेजारीच आहेत, मुलं एकाच बसने जातात. कोणी विचारलं तर आपल्याला नीट सांगता यावं. नियम तर आपल्याही मुलांना हेच आहेत.

अपील कोण करू शकतं

आई-वडील किंवा पालक. मुलगा किंवा मुलगी १८ वर्षांची असेल, किंवा १६-१७ वर्षांची असून पालकांपासून स्वतंत्र राहत असेल, तर स्वतः. इमिग्रेशनच्या कागदांचा याच्याशी संबंध नाही. पालकांकडे कॅनडात राहण्याची परवानगी नसली, तरी तेवढ्या कारणावरून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण कायद्याच्या कलम ४९.१ मध्ये आहे. नव्याने आलेली कुटुंबं याच भीतीने गप्प बसतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

सस्पेन्शन कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त २० शालेय दिवसांचं असतं. प्रिन्सिपलने २४ तासांच्या आत पालकांना कळवण्याचा प्रयत्न करायचा असतो आणि लगेच लेखी नोटीसही द्यायची असते. त्या नोटिशीत कारण, किती दिवस आणि अपील कोणाकडे करायचं हे असलंच पाहिजे. ज्युनियर किंडरगार्टनपासून तिसरीपर्यंतच्या मुलांना, अतिशय गंभीर प्रकार सोडले तर, सस्पेंड करणं २०२० पासून बंद झालं आहे.

एका गोष्टीपासून सावध राहा. "आजच्या दिवस घरी घेऊन जा, शांत होऊ दे" असं फोनवर सांगितलं जातं आणि कागद काहीच मिळत नाही. अशा वेळी त्याच दिवशी ईमेल करा: "हे सस्पेन्शन आहे का? असल्यास लेखी द्या." शाळेत येऊच द्यायचं नाही असा प्रिन्सिपलचा वेगळा निर्णय असेल, तर त्यावरही बोर्डाकडे, म्हणजे शाळा मंडळाकडे, दाद मागता येते. दोन्हीसाठी आधी कागद हवा.

अर्ज

बोर्डाच्या सुपरिंटेंडंटकडे (शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) लेखी अर्ज १० शालेय दिवसांच्या आत पोचला पाहिजे. हे दिवस सस्पेन्शन सुरू झाल्यापासून मोजतात, पत्र हातात पडल्यापासून नाही. मजकूर दोन ओळींचा चालतो: "माझ्या मुलाला अमुक तारखेपासून इतके दिवस सस्पेंड केलं आहे. शिक्षण कायद्याच्या कलम ३०९ नुसार मी अपील करत आहे." कारणं नंतर सविस्तर देता येतात, मुदत मात्र परत मिळत नाही. ईमेल करा आणि पोच मागा. अर्ज दिल्याने सस्पेन्शन थांबत नाही, मुलाला तेवढे दिवस घरी राहावंच लागतं. त्या काळात शाळेने अभ्यास द्यायचा असतो. पाच दिवसांपेक्षा जास्त असेल, तर नुसता गृहपाठ पुरत नाही, अभ्यासाची वेगळी व्यवस्था करून द्यावी लागते.

अर्ज मिळाल्यापासून १५ शालेय दिवसांत बोर्डाने सुनावणी करून निर्णय द्यायचा असतो. दोन्ही बाजू कबूल असतील तरच पुढची तारीख घेता येते.

कागद कोणते आणि त्यात काय शोधायचं

सस्पेन्शनचं पत्र, आधीची रिपोर्ट कार्डं, असल्यास आयईपी (विशेष गरज असलेल्या मुलासाठी शाळेने केलेली वैयक्तिक शिक्षण योजना), शिक्षकांशी झालेले ईमेल, डॉक्टर किंवा समुपदेशकाचं पत्र. आणि मुलाने स्वतःच्या शब्दांत, तारीख घालून लिहिलेली हकिगत. ती पहिल्याच दिवशी लिहून घ्या, नंतर तपशील निसटतात.

यात सगळ्यात वजन कशाला? सस्पेंड करण्याआधी प्रिन्सिपलने काही बाबी विचारात घ्यायच्या असतात. शिक्षण कायद्याखालच्या नियम ४७२/०७ मध्ये त्या लिहिलेल्या आहेत: मुलाचं वय, आधीची वागणूक, सौम्य उपाय करून पाहिले का, शिक्षणावर काय परिणाम होईल. आणि त्यातच हेही आहे की, घडलेला प्रकार वंशावरून किंवा धर्मावरून झालेल्या छळाशी संबंधित होता का. म्हणजे मुलाने धक्का दिला, पण त्याआधी आठवडे त्याला वर्णावरून नावं ठेवली जात होती, तर ती गोष्ट निर्णयात धरावीच लागते. पण ती कुठेतरी नोंदलेली असली पाहिजे. आमच्या शेजारणीकडे नोव्हेंबरपासूनचे दोन ईमेल होते. वर्गात मुलाला काय म्हणतात, हे त्यांनी शिक्षिकेला कळवलं होतं. फोनवर खूपदा सांगितलेलं त्यांना आठवत होतं, कामी आले ते ईमेलच.

शाळेत मुलाची अधिकृत फाइल असते, तिला ओएसआर म्हणतात. ती पाहण्याचा पालकांना हक्क आहे. सुनावणीआधी लेखी मागणी करून पाहा.

सुनावणीला एकटं जायची गरज नाही. बऱ्याच समाजसंस्थांमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी ॲडव्होकेट असतात. ते वकील नसतात, पण मीटिंगला सोबत बसतात, पत्रं लिहून देतात. काही हायस्कुलांमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिक्षण पूर्ण करायला मदत करणारा ग्रॅज्युएशन कोच असतो, त्यालाही विचारा. कायद्याची मदत हवी असेल, तर कमी उत्पन्नाच्या कृष्णवर्णीय लोकांसाठी ब्लॅक लीगल ॲक्शन सेंटर आहे, आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी जस्टिस फॉर चिल्ड्रन अँड यूथ. दुभाषी हवा असेल तर अर्जातच लिहा.

शाळेतून कायमचं काढण्याचा निर्णय असेल, तर रस्ता वेगळा आहे. ते अपील शाळा मंडळाकडे नाही, तर चाइल्ड अँड फॅमिली सर्व्हिसेस रिव्ह्यू बोर्ड या प्रांताच्या न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत जातं. वंशभेदाची स्वतंत्र तक्रार ऑन्टारिओच्या मानवाधिकार न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत करता येते.

निर्णयानंतर

बोर्ड सस्पेन्शन कायम ठेवू शकतं, कमी करू शकतं, किंवा रद्द करून नोंद पुसायला सांगू शकतं. शिक्षा भोगून झाली असली तरी ती कमी करता येते. आमच्या शेजारच्या मुलाचे पाच दिवसांचे दोन झाले. निर्णय आल्यावर महिन्याभराने त्या बाईंनी पुन्हा लेखी मागणी केली आणि ओएसआर उघडायला लावली. आत जुनंच पत्र होतं, पाच दिवसांचं. त्यांनी निर्णयाची प्रत समोर ठेवली आणि ते पत्र बदलून घेतल्यावरच त्या तिथून उठल्या.