घर चौरस फुटांत, डाळ किलोत: घरगुती मापांची पार्श्वभूमी

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा नवी मुंबईतल्या खारघरच्या कोणत्याही गृहप्रकल्पाच्या विक्री कार्यालयात सदनिकेचा भाव चौरस फुटाने सांगितला जातो. तीच सदनिका नोंदणीच्या करारनाम्यात चौरस मीटरने लिहिली जाते आणि मुद्रांक शुल्कासाठी वापरले जाणारे वार्षिक मूल्यदर तक्तेही शहरी भागात चौरस मीटरचाच दर देतात. घराचा ताबा मिळाल्यावर हा दुपेडी कारभार थांबत नाही, उलट वाढतो. नळाची जोडणी अर्धा इंची, प्लायवूड अठरा एमएमचे पण आठ बाय चार फुटांचे, गहू किलोने, दूध लिटरने, अंगातला ताप फॅरनहाइटमध्ये आणि बाहेरचा उन्हाळा सेल्सिअसमध्ये. दशमान पद्धतीचा कायदा होऊन सहा दशके उलटून गेल्यावरही असे का, याचे उत्तर लोकांच्या सवयीत शोधण्याचा प्रघात आहे. माझ्या मते ते मोजमापाचे साधन कोणाच्या हातात होते आणि ते बदलण्याची सक्ती कोणावर होती, यात अधिक सापडते.

दशमान पद्धत येण्यापूर्वी येथे एकच एक पद्धत होती असे नाही. धान्य वजनाने नव्हे तर आकारमानाने मोजले जाई: दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेरांची अधोली, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. वजनाचा शेर याहून निराळा. सरकारी हिशेबात ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण होता आणि हा मण 82 पौंडांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे 37.3 किलो भरे. मुंबईच्या बाजारातला मण मात्र 28 पौंडांचा, म्हणजे 12.7 किलोचा होता. एकाच नावाच्या मापात जवळजवळ तिपटीचा फरक असल्यावर कोणता मण हे ठाऊक असलेला व्यापारी आणि ठाऊक नसलेला शेतकरी यांच्यातला व्यवहार कोणाच्या बाजूने झुकत असेल, हे सांगायला नको.

लांबी आणि जमिनीची ब्रिटिश मापे आली ती मुख्यतः मोजणी खात्यातून, बांधकाम खात्यातून आणि रेल्वेतून. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या प्रवासी गाडीने 21 मैलांचे अंतर कापले. आज ते 34 किलोमीटर म्हणून सांगितले जाते. रुळांमधले अंतर तेव्हा साडेपाच फूट होते आणि आजही तेवढेच आहे, फक्त कागदावर ते 1676 मिलिमीटर झाले आहे. रूळ उखडणे परवडणारे नव्हते, म्हणून आकडा बदलला. ही युक्ती पुढे घराघरांतही दिसते.

स्वातंत्र्यानंतर आधी नाणी बदलली. 1 एप्रिल 1957 पासून सोळा आणे, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. वजनमापांचा केंद्रीय कायदा 1956 साली संमत झाला आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून निवडक क्षेत्रांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. काही काळ जुनी आणि नवी वजने शेजारी शेजारी चालू देण्यात आली आणि एप्रिल 1962 पासून किलोग्रॅमची वजने देशभर सक्तीची झाली. या योजनेचा गाभा दुकानातल्या तराजूत होता. दुकानदाराने शेराची वजने टाकून किलोची घ्यायची, त्यांवर निरीक्षकाकडून छाप मारून घ्यायचा आणि ठरावीक मुदतीने फेरतपासणी करून घ्यायची. छाप नसलेले वजन सापडले तर ते जप्त होणार आणि खटला भरला जाणार. गिऱ्हाईकाला काहीच विकत घ्यावे लागत नव्हते, शिकावे मात्र लागत होते, आणि ते शिकणे सोपे होते, कारण सरकारी शेर 933 ग्रॅमचा असल्याने किलोच्या बराच जवळ होता. पावशेर मागणारी बाई पावकिलो मागू लागली, तेव्हा तिच्या पिशवीत पडणाऱ्या वाटाण्यात फारसा फरक पडला नाही. आज वाशीच्या घाऊक बाजारात भाव क्विंटलने निघतात आणि मंडईत पाव, अर्धा, दीड, अडीच चालतात. अपूर्णांकांची ही भाषा जुनी असली तरी त्यांचे एकक निर्विवाद किलो आहे.

सोन्यात तडजोड वेगळ्या प्रकारे झाली. तोळा 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा होता. पेढीवरचा आजचा तोळा म्हणजे दहा ग्रॅम. त्यामुळे आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या जुन्या तोळ्याने घडवल्या असतील तर झीज सोडून 58 ग्रॅमच्या वर भरायला हव्यात आणि आजच्या बोलीत त्या पावणेसहा तोळ्यांहून जास्तच होतात. वाटणीच्या वेळी ही गोष्ट लक्षात असलेली बरी. कापडाचे दुकान तुलनेने निमूटपणे मीटरवर गेले. नऊवारीच्या नावात वार उरला, गजपट्टीच्या जागी मीटरपट्टी आली.

जमिनीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. गुंठा म्हणजे 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद तुकडा, 1089 चौरस फुटांचा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर असतात आणि एक आर म्हणजे 100 चौरस मीटर. गुंठा 101.17 चौरस मीटरचा असल्याने दोन्ही मापे इतकी जवळ आहेत की बोलताना आर म्हणजेच गुंठा असे सर्रास धरले जाते. एकरभर जमिनीत या धरण्याने जवळपास 47 चौरस मीटरचा फरक पडतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना 1970 सालची, म्हणजे दशमान पद्धत रुळल्यानंतरची. त्यामुळे तिथल्या भूखंडांचे कागद प्रथमपासून चौरस मीटरमध्ये आहेत आणि संपादित जमिनीच्या बदल्यात देण्याच्या साडेबारा टक्के योजनेतले भूखंडही त्याच मापाने मिळाले, जरी ज्यांच्या जमिनी गेल्या ते आगरी-कोळी गावकरी आपली गेलेली जमीन एकर-गुंठ्यांतच सांगतात. याच नव्या शहरात सदनिकेचा भाव चौरस फुटाने बोलला जातो, कारण भाव ठरवणाऱ्या बाजारावर तराजूसारखा छाप मारणारा कोणी नव्हता. शिवाय चौरस फुटाचा आकडा चौरस मीटरच्या 10.76 पट असल्याने घर मोठे आणि दर लहान दिसतो, आणि विकणाऱ्याला दोन्ही हवेच असतात.

हा फरक केवळ बोलण्यापुरता राहत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरांवरच्या जीएसटीत 1 एप्रिल 2019 पासून परवडणाऱ्या घरांना एक टक्क्याचा सवलतीचा दर आहे. महानगर क्षेत्रात, ज्यात ठाणे आणि नवी मुंबई येतात, त्यासाठी चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) 60 चौरस मीटरपर्यंत आणि किंमत 45 लाखांपर्यंत असावी लागते. 60 चौरस मीटर म्हणजे 645.8 चौरस फूट. जाहिरातीतले गोल आकड्याचे 650 चौरस फुटांचे घर या मर्यादेबाहेर जाते आणि त्यावर पाच टक्के लागतात. (ठाणे शहरात 45 लाखांत एवढे घर मिळेल का, हा प्रश्न वेगळा.)

घराच्या आत शिरल्यावर कायद्याहून वस्तूचे राज्य जास्त चालते. अर्धा इंची लोखंडी पाइप घेतला तर त्याचा बाहेरचा व्यास 21 मिलिमीटरच्या पुढे आणि आतला साधारण 16 मिलिमीटर असतो, 12.7 मिलिमीटरचा खरा अर्धा इंच त्यात कोठेच नाही, आणि मानकात त्याला 15 मिलिमीटर म्हणतात. तरी नळ बसतो, कारण आटे इंचाला चौदा या ब्रिटिश हिशेबाचेच आहेत आणि भिंतीतला जुना एल्बो (पाइप वळवणारा जोड) नव्या नळाला जुळायचा तर ते तसेच राहणे भाग आहे. सुतार इंचाचे आठ सूत करतो, टेपची वरची कड इंचांची वापरतो आणि जाडी विचारली की मात्र बारा एमएम, अठरा एमएम असे सांगतो.

फरशीत हा गोंधळ उघडा पडतो. दोन बाय दोन म्हणून विकली जाणारी फरशी बहुधा 600 मिलिमीटरची असते, तर दोन फूट म्हणजे 609.6 मिलिमीटर. दहा फुटांच्या, म्हणजे 3048 मिलिमीटरच्या भिंतीलगत पाच फरशा तंतोतंत बसतील असा हिशेब घरमालक करतो. प्रत्यक्षात 48 मिलिमीटर उरतात, सांध्यांना दोन-दोन मिलिमीटर दिले तरी चारेक सेंटिमीटरची फट राहते आणि तेवढी पट्टी कापण्यासाठी प्रत्येक ओळीला आणखी एका फरशीला हात घालावा लागतो. फरशीवाल्याला हे पाठ असते, तो जास्तीची पेटी आधीच मागवतो.

एसीचा टन तर ब्रिटिशही नाही, अमेरिकी आहे: 2000 पौंड बर्फ चोवीस तासांत वितळवायला लागणारी उष्णता, म्हणजे ताशी 12,000 बीटीयू (उष्णतेचे जुने एकक) किंवा सुमारे साडेतीन किलोवॅट. तारांकित लेबलवर हीच क्षमता वॅटमध्ये छापलेली असते, पण ती वाचून एसी निवडणारा विरळाच. टीव्हीच्या खोक्यावर 2009 च्या वैध मापनशास्त्र कायद्याला मान देऊन 108 सेंटिमीटर आधी आणि कंसात 43 इंच असे लिहिलेले असते. दुकानात विचारताना कंसातलेच विचारले जाते. तापाचे मात्र वेगळे. डॉक्टर, औषधाचे दुकान आणि घरातली आई यांच्यात 100, 101, 102 हे आकडे इतके रुजले आहेत की नव्या डिजिटल थर्मामीटरवर सेल्सिअसचीही सोय असली तरी कोणी 38.9 म्हटले तर पटकन काळजी करावी की नाही हे कळत नाही. ते 102 आहे.