विषाणू मास्कच्या भोकांतून आरपार जातो?

‘कोरोनाचा विषाणू 0.1 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एन-95 मास्क अडवतो 0.3 मायक्रॉनपर्यंत, मग तोंड बांधून उपयोग काय?’ 2020 पासून फिरणारा हा सवाल 2022 च्या गुढीपाडव्याला राज्यातली मास्कसक्ती उठली तरी थांबलेला नाही. रुग्ण वाढल्याची बातमी आली की हा हजर!

एन-95 मास्क म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. आत पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक तंतूंचा गुंता असतो, त्यावर स्थिर विद्युतभार. मोठे कण तंतूंवर आदळतात. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा फिरतात आणि तंतूंना चिकटतात. निसटायची शक्यता जास्त ती मधल्या आकाराच्या कणांची. म्हणून एन-95 च्या चाचणीत मुद्दाम असेच अवघड आकाराचे मिठाचे कण सोडतात आणि त्यातले किमान 95 टक्के अडावे लागतात. 0.3 ही तळाची हद्द नव्हेच. शिवाय विषाणू सुटा फिरत नाही, श्वासातल्या थेंबांत बसून येतो आणि ते बहुधा त्याच्याहून मोठे असतात.

खरी गळती कडेने होते. नाकावरची पट्टी नीट दाबली नाही, तर भारी मास्कही फुकट. साबणाने धुतला की विद्युतभार जातो. व्हॉल्व्हवाला मास्क घालणाऱ्याचा उच्छ्वास न गाळताच बाहेर सोडतो. त्याबद्दल केंद्राने जुलै 2020 मध्ये राज्यांना पत्र धाडलं होतं. हे सगळं एन-95 बद्दल; सुती रुमालाची मात्र वकिली मी करणार नाही.