पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

सत्र परीक्षेला आठ दिवस उरले होते. बारावीतली एक मुलगी जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. पेशीविभाजनाचं प्रकरण तिनं चारदा वाचलं होतं, आणि ते दिसतही होतं. पानोपानी पिवळ्या मार्करच्या रेघा, समासात बारीक अक्षरात टिपा. ‘मॅडम, हे प्रकरण झालंय माझं, फक्त एकदा विचारून बघा,’ म्हणाली. मी पुस्तक मिटलं आणि तिच्यापुढे कोरा कागद ठेवला.

सूत्री विभाजन, म्हणजे एका पेशीपासून तिच्यासारख्याच दोन पेशी होणं, तिनं झरझर काढलं. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, चारही आकृत्या नीट. मग अर्धगुणसूत्री विभाजन आलं. पेशीतल्या आनुवंशिक माहितीच्या धाग्यांची, म्हणजे गुणसूत्रांची, संख्या निम्मी करणारं हे विभाजन. यात लागोपाठ दोन विभाजनं होतात. मी विचारलं, ‘गुणसूत्रांची संख्या निम्मी होते ती नेमकी कुठे? पहिल्या विभाजनात की दुसऱ्या?’ ‘दुसऱ्या,’ तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं. ‘कशी?’ यावर पेन थबकलं. बराच वेळ कागदाकडे बघून ती म्हणाली, ‘वाचलंय मी हे. डाव्या पानावर खाली आहे.’

ती खरंच सांगत होती. ते डाव्या पानावर खालीच होतं. तिला जागा आठवत होती, मजकूर नाही.

अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवताना हा प्रसंग माझ्यापुढे इतक्यांदा आला आहे की आता त्याचं नवल वाटत नाही, वाईट मात्र दर वेळी वाटतं. कारण ही मुलं आळशी नसतात. रात्र रात्र बसतात. आणि पेपर हातात आला की ‘सगळं येत होतं, ऐन वेळी आठवलंच नाही’ म्हणत रडतात. त्यांना कमी अक्कल आहे, लक्ष नाही, असं घरचे म्हणतात. माझ्या मते त्यांच्या अभ्यासात एकच गोष्ट राहून गेलेली असते, ती म्हणजे आठवण्याचा सराव.

एखादी गोष्ट समोर आल्यावर ओळखणं आणि ती समोर नसताना आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत. तोच धडा तिसऱ्यांदा वाचताना डोळे सरसर पुढे जातात, वाक्य अर्ध्यावर असतानाच पुढचं माहीत असल्यासारखं वाटतं. हा सराईतपणा आपण ज्ञान समजतो. पण तो ओळखीचा सराईतपणा असतो. परीक्षेत पुस्तक समोर नसतं, त्यामुळे तिथे ओळख कामाला येत नाही.

यावरचा एक प्रयोग मी दर वर्षी वर्गात आकड्यांसह फळ्यावर लिहिते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तो २००६ साली प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विज्ञानाचा एक छोटा उतारा दिला. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांत तो फक्त वाचला. दुसऱ्या गटाने एकच फेरी वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. तीच चाचणी एका आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले होते आणि लिहिणारे ६१ टक्क्यांवर टिकले होते. वाचणाऱ्या गटाने तो उतारा सरासरी चौदा वेळा डोळ्यांखालून घातला होता, दुसऱ्या गटाने तीन-चार वेळाच.

आणि मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे: तुम्हाला आठवड्यानं किती आठवेल, असं विचारल्यावर जास्त आत्मविश्वास वाचणाऱ्यांनाच होता. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘झालाय का अभ्यास?’ असं मुलांना विचारून फारसं काही कळत नाही. ‘हो’ म्हणणारा मनापासूनच म्हणत असतो.

आठवल्यानं आठवण पक्की का होते? कपाटातली वही काढून बघितली आणि परत ठेवली, तर वहीत काही फरक पडत नाही. स्मृतीचं तसं नसतं. आपण काही आठवतो तेव्हा मेंदू हाताशी असलेल्या खुणांवरून ते पुन्हा जुळवतो, आणि त्या जुळवाजुळवीत त्या खुणा आणि ती माहिती यांचं नातं घट्ट होतं. जुळवताना जो त्रास होतो, डोकं खाजवावं लागतं, त्यातच शिकणं घडतं. रॉबर्ट ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञानं अशा अडचणींना ‘हव्याशा अडचणी’ म्हटलं आहे. मुलांना हे सांगणं फार गरजेचं आहे, कारण कोऱ्या कागदापुढे अडखळणं त्यांना अपयशासारखं वाटतं आणि ती पुन्हा पुस्तक उघडून मार्कर हातात घेतात.

त्या मुलीच्या चुकीकडे परत येते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, म्हणजे २३ जोड्या. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येक जोडीतले दोन जोडीदार एकमेकांपासून वेगळे होतात आणि दोन्ही पेशींत २३-२३ जातात. संख्या इथेच निम्मी झाली. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन जुळ्या धाग्यांची ताटातूट होते, पण मोजायला गेलं तर प्रत्येक पेशीत २३ ते २३च. मी रंगीत खडूंच्या तुकड्यांच्या जोड्या टेबलावर मांडून हे दाखवलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ साली दाखवून दिलं की ज्या उत्तराबद्दल आपल्याला पक्की खात्री असते ते चुकलं आणि लगेच बरोबर उत्तर कळलं, तर ती दुरुस्ती डळमळीत उत्तरांच्या दुरुस्तीपेक्षा जास्त लक्षात राहते. बसलेला धक्का लक्ष खेचून घेतो. म्हणून सरावात ठामपणे चुकू द्यावं. पण लगेच पडताळून पाहायला हवं, नाहीतर चूकच पाठ होते.

आता वेळेचं गणित. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा आणि त्या परत पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते मोजायचं. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसानं ३४ टक्के, एकतीस दिवसांनी २१ टक्के. विस्मरणाचा हा उतार सुरुवातीला कड्यासारखा आणि पुढे पठारासारखा आहे. अर्थपूर्ण धडा निरर्थक अक्षरांइतक्या वेगानं विसरत नाही, पण उताराचा आकार तसाच असतो. मला मात्र शेवटचा आकडा जास्त बोलका वाटतो. महिनाभरानंतर ‘काहीच आठवत नाही’ अशी अवस्था असतानाही एक पंचमांश श्रम वाचत होते! सत्राच्या सुरुवातीला शिकलेलं प्रकरण पार पुसलं गेलं असं मुलांना वाटतं, तेव्हा मी हेच सांगते: दुसऱ्यांदा कमी वेळ लागेल, बसून तर बघ.

दोन उजळण्यांमध्ये किती दिवस जाऊ द्यायचे, यालाही बऱ्यापैकी नेमकं उत्तर आहे. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली तेराशेहून अधिक लोकांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की दुसऱ्या उजळणीनंतर चाचणी सात दिवसांनी असेल तर दोन उजळण्यांत एक दिवसाचं अंतर सर्वात फायद्याचं, पस्तीस दिवसांनी असेल तर अकरा दिवसांचं, सत्तर दिवसांनी असेल तर एकवीस दिवसांचं. म्हणजे परीक्षा जितकी लांब, तितकं अंतर मोठं. एका बैठकीत तीन तास रसायनशास्त्र आणि नंतर तीन आठवडे त्याचं तोंडही न बघणं, यापेक्षा तेच तीन तास एक-एक तास करून तीन दिवशी वाटले तर श्रम तेवढेच आणि शिल्लक कितीतरी जास्त.

गणिताबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे मुलं सर्वात जास्त फसतात. पुस्तकातला स्वाध्याय एकाच पद्धतीचा असतो. ‘बाय पार्ट्स’ ही इंटिग्रेशनची, म्हणजे संकलनाची, एक पद्धत. तिच्या स्वाध्यायात वीसच्या वीस गणितं बाय पार्ट्सनंच सुटणार हे शीर्षकानंच सांगितलेलं असतं. परीक्षेत शीर्षक नसतं. ‘एक्स गुणिले ई चा एक्स घात’ आणि ‘एक्स गुणिले ई चा एक्स-वर्ग घात’ ही दोन गणितं शेजारी लिहून बघा. दिसायला सख्खी भावंडं. पण पहिलं बाय पार्ट्सनं सुटतं. दुसऱ्यात एक्सच्या वर्गाला दुसरं नाव दिलं की बाहेरचा एक्स आपोआप खपतो आणि गणित दोन ओळींत संपतं, म्हणजे तिथे सब्स्टिट्यूशन, ही नाव बदलण्याची पद्धत, हवी. तिथे बाय पार्ट्स लावणारा मुलगा पान भरून लिहितो आणि अडकतो. त्याला दोन्ही पद्धती येतात. कुठली केव्हा वापरायची, याचा सराव त्यानं कधी केलेला नसतो.

डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली हेच तपासलं. चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एका प्रकारची सगळी गणितं संपवून मग पुढचा प्रकार घेतला, काहींनी चारही प्रकार मिसळून सोडवले. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर, मिसळणाऱ्यांची फक्त ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर आला आणि मिसळणारा गट ६३ टक्क्यांवर राहिला. सराव सोपा गेला म्हणून खूश झालेल्या मुलाला हे आकडे दाखवा. शिक्षकांनी तर शेवटच्या तीन आठवड्यांत प्रकरणवार प्रश्नसंच देणं थांबवून सगळ्या सत्राची गणितं पिसून द्यावीत, असं माझं आग्रहाचं मत आहे.

आणि झोप. पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे रात्री अकरापर्यंत झोप न येणं हा त्या वयाचा गुण आहे, उद्धटपणा नव्हे. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या अकादमीनं १३ ते १८ वयासाठी ८ ते १० तास झोप सुचवली आहे. हे तास वाया जात नाहीत. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागात, पाहिलं की दिवसा फिरताना ज्या चेतापेशी एकत्र पेटल्या होत्या त्याच पुढच्या झोपेत पुन्हा एकत्र पेटत होत्या. दिवसभर साठवलेलं मेंदू झोपेत पुन्हा चाळतो, पक्कं करतो. जागरणाला टेकू म्हणून घेतलेल्या कॉफीतलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या कपातलं निम्मं पहाटे तीनला अंगात असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन तास जास्त वाचून जे मिळतं, त्याहून जास्त दुसऱ्या दिवशीच्या सुस्तीत जातं.

भीतीबद्दल पालक मला सर्वात जास्त विचारतात. ‘घाबरू नकोस’ म्हणून भीती जात नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. एमी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली एक प्रयोग केला. काहींनी शब्द आणि चित्रं पुन्हा पुन्हा बघून लक्षात ठेवली, काहींनी आठवून. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या काहींना परीक्षकांसमोर अचानक भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावून मुद्दाम तणाव दिला. बघून शिकलेल्यांची आठवण तणावात घसरली. आठवून शिकलेल्यांची घसरली नाही. छाती धडधडत असतानाही त्यांना आठवत राहिलं. मुलाची धास्ती कमी करायची घाई करण्यापेक्षा त्याच्याकडून रोज एक कोरा कागद भरून घ्या, एवढंच मी पालकांना सांगते. विषय तुम्हाला कळलाच पाहिजे असंही नाही. पुस्तक तुमच्या हातात, कागद त्याच्या हातात, आणि त्याला ‘पुढे काय?’ विचारत राहायचं. तो अडखळला तर लगेच सांगू नका. थोडा वेळ जाऊ द्या.

त्या मुलीनं आठ दिवसांत प्रकरण परत अथपासून इतिपर्यंत वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या आणि सातव्या दिवशी, असे तीन कोरे कागद भरले. राहिलेल्या जागा पुस्तक उघडून लाल पेनानं भरल्या. पहिल्या कागदावर लाल जास्त होतं, तिसऱ्यावर दोन ठिकाणी. तिसरा कागद दाखवायला आली तेव्हा खडूच्या तुकड्यांची मांडणी तिनं स्वतःच टेबलावर केली आणि एका जोडीवर बोट ठेवून म्हणाली, ‘मॅडम, समजा पहिल्या विभाजनात ही जोडी सुटलीच नाही तर? एका पेशीत दोन्ही जातील ना?’

तिच्या एकाही पिवळ्या रेघेत हा प्रश्न नव्हता. एकविसाव्या गुणसूत्राची जोडी अशी सुटली नाही तर जन्मणाऱ्या बाळाच्या पेशींत त्याच्या दोनऐवजी तीन प्रती येतात, आणि डाउन सिंड्रोम बहुतेक वेळा अशा न सुटलेल्या जोडीतूनच उद्भवतो, हे मी तिला सांगितलं. पुढचा अर्धा तास आम्ही परीक्षेचं नाव न काढता त्याबद्दलच बोलत बसलो.