चार पावलं टाक बघू

पाय मुरगळतो तेव्हा दुखण्याच्या आधी आवाज येतो, ओली काडी मोडावी तसा. मी पडलो त्या दुपारी कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजच्या मैदानाभोवती निम्मे बघे शिवाजी पेठेतले आणि निम्मे मंगळवार पेठेतले होते. इलाज प्रत्येकाकडे तयार होता. एक म्हणाला, ओढा. दुसरा म्हणाला, तेल लावून चोळा. तिसऱ्यानं हाडवैद्याचा पत्ता सांगितला. आमचे जिमखान्याचे सर तेवढे शांतपणे चालत आले.

"कुणी हात लावू नका रं."

गुडघे टेकून त्यांनी माझा बूट काढला. घोट्याचं जे हाड बाहेर डोकावतं, त्याच्या मागच्या कडेवर अंगठा ठेवला आणि टोकापासून चार बोटं वरपर्यंत दाबत नेला. मग आतल्या बाजूच्या हाडावर तसंच केलं. त्यानंतर पंज्यावरच्या दोन जागा दाबल्या, एक करंगळीच्या बाजूची आणि एक आतली. दुखत होतं ते हाडावर नव्हे, त्याच्या पुढं आणि खाली, जिथं अंड्याएवढा फुगा यायला लागला होता. "चार पावलं टाक बघू." दात-ओठ खात, लंगडत मी ती टाकली. "हाड शाबूत हाय. हाडं बांधणारं लिगामेंट ताणलंय. आज बस."

हा सरांचा अंदाजपंचे प्रकार असेल असं मला बरीच वर्षं वाटत होतं. पुढे फिजिओथेरपी शिकायला गेलो तेव्हा पुस्तकात तीच कृती सापडली. कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टील आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी 1992 मध्ये हे नियम मांडले. घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड शेवटच्या 6 सेंटिमीटरमध्ये किंवा टोकाला दाबून दुखते का, पंज्यावरच्या त्या दोन हाडांवर दुखतं का, आणि लंगडत का होईना चार पावलं टाकता येतात का, एवढंच बघायचं. यातलं काहीच खटकलं नाही तर मोठ्या माणसाच्या पायाचा एक्स-रे काढायची सहसा गरज नसते. मोडलेलं हाड या तपासणीतून क्वचितच निसटतं. सरांनी ही तपासणी एका शिबिरात शिकून घेतली होती, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

यात वेळेला फार महत्त्व आहे. पडल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं सूज पुरती चढलेली नसते आणि स्नायू आखडलेले नसतात. त्या वेळी बोटांना जे कळतं ते तासाभरानं कळत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांना ही मिनिटं कधी मिळतच नाहीत. ती मिळतात मैदानाच्या कडेला पिशवी घेऊन बसलेल्या माणसाला.

आपल्याकडे ट्रेनर म्हटलं की जिममध्ये वजनं उचलायला लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतल्या कॉलेजांत ॲथलेटिक ट्रेनर हा वेगळाच पेशा आहे. दुखापत टाळणं, ती झाली की ओळखणं, प्रथमोपचार करणं आणि खेळाडूला परत उभं करणं ही त्याची कामं. त्यांची राष्ट्रीय संघटना 1950 मध्ये कॅन्सस सिटीत स्थापन झाली आणि 1990 मध्ये तिथल्या वैद्यकीय संघटनेनं या कामाला आरोग्यसेवेतला पेशा म्हणून मान्यता दिली. आमच्या सरांच्या नेमणुकीच्या कागदावर फक्त शारीरिक शिक्षण लिहिलेलं होतं. बाकीचं सगळं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

कोल्हापूरला हा माणूस तसा परका नाही. शाहू महाराजांच्या काळापासून, म्हणजे 1912 मध्ये कुस्तीचं खासबाग मैदान उभं राहिलं त्याच्याही आधीपासून, तालमीत वस्ताद हेच काम करत आले. मालिश कुणाला, मेहनत किती आणि आज कुणाला मातीत उतरू द्यायचं नाही, हे तेच ठरवत. मला वस्तादांबद्दल नितांत आदर आहे. पण फुटलेल्या कानाला तालमीत मान आहे, तो मला पटत नाही. कानाच्या कूर्चेत, म्हणजे आतल्या लवचीक मऊ हाडात, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण वरच्या पातळ आवरणातून होतं. रगडून त्या दोहोंत रक्त साचलं की कूर्चा उपाशी राहते, मरते आणि तिथं गाठाळ नवं ऊतक भरतं. ते रक्त लवकर काढून कान दाबून बांधला तर तो वाचवता येतो. सर तालमीतल्या पोरांना हे पुन्हा पुन्हा सांगायचे.

माझ्या घोट्याकडे परत येतो. त्या दिवशी सरांनी थर्मासमधला बर्फ काढला, पंच्यात गुंडाळला आणि वीस मिनिटं लावला. तेव्हाचा नियमच तो होता. 1978 मध्ये गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच, हे सूत्र मांडलं आणि ते जगभर पसरलं. 2014 च्या सुमारास त्याच मर्किन यांनी उघडपणे सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. कारण सूज ही दुरुस्तीचीच सुरुवात असते. फाटलेल्या जागी आधी पांढऱ्या पेशी जमतात, मेलेलं मांस साफ करतात आणि नवं ऊतक घडवणारी रसायनं सोडतात. बर्फानं रक्तवाहिन्या आकसल्या की या पेशी उशिरा पोहोचतात. माणसांवरच्या प्रयोगांत याचा पुरावा अजून पक्का नाही. पण बर्फानं मज्जातंतूंचा वेग मंदावून दुखणं कमी होतं, एवढं नक्की. हे वाचल्यावर सरांनी पद्धत बदलली. फार ठणकत असेल तर दहा मिनिटं बर्फ, नाही तर नुसती क्रेप बँडेज. निवृत्तीला आलेला माणूस पंचवीस वर्षांची सवय एका उन्हाळ्यात सोडून देतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

तिसऱ्या दिवसापासून त्यांनी मला चालवलं. आठवड्यानं सांगितलं, दुखऱ्या पायावर उभं राहून दात घासायचे. घरात सगळे हसले. पण लिगामेंट ही नुसती दोरी नसते. पाय कुठल्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारी सूक्ष्म संवेदकं तिच्यात असतात. ती फाटली की बातमी उशिरा पोहोचते, पोटरीच्या बाजूचे स्नायू उशिरा आवळतात आणि तोच पाय परत मुरगळतो. एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव केला की ही यंत्रणा पुन्हा तरबेज होते. आधी उघड्या डोळ्यांनी, मग मिटून.

डोक्याला लागलं तर मात्र सर कुणाचं ऐकत नसत. हेडरला दोन पोरं हवेत आदळली की ते विचारायचे, "कुठल्या मैदानावर हाईस? पहिला हाफ का दुसरा? शेवटचा गोल कुणी मारला?" ऑस्ट्रेलियातल्या मॅडॉक्स यांचे हे प्रश्न 1995 मध्ये प्रसिद्ध झाले. नाव-गाव विचारून मेंदूला बसलेला धक्का कळत नाही, कारण ते धक्क्यानंतरही आठवतं. पुसलं जातं ते ताजं. एक उत्तर चुकलं की त्या दिवसाचा खेळ संपला. पहिल्या धक्क्यातून सावरण्याआधी दुसरा बसला तर मेंदू झपाट्यानं सुजू शकतो. फायनल असली तरी सर हलायचे नाहीत.

उन्हाळ्यातल्या रोड रेसला त्यांच्या सामानात एक ताडपत्री असायची. पळणारा पोरगा बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला, की त्याला ताडपत्रीवर निजवायचं, चौघांनी कडा उचलून धरायच्या, आत बर्फाचं पाणी ओतायचं आणि हिंदकळत ठेवायचं. "आधी गार करा, मग दवाखाना." शरीर 40 अंशांच्या वर जाऊन मेंदू गोंधळला की त्याला उष्माघात म्हणायचं, मग घाम वाहत असला तरी. पळताना आलेल्या उष्माघातात घाम बऱ्याचदा येतच असतो, आणि इथंच लोक फसतात. अमेरिकेतल्या फॅल्मथ शर्यतीत 18 वर्षांत 274 धावपटूंना असा उष्माघात झाला. सगळ्यांना जागेवरच बर्फाच्या पाण्यात बसवलं आणि सगळे वाचले. या उपायानं दर पाच मिनिटांना सुमारे एक अंश उतरतो. रिक्षा शोधण्यात तेवढा वेळ सहज जातो.

सरांची खरी कमाई म्हणजे एक लांबट, लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर. त्यात तारीख, खेळ, कितव्या मिनिटाला, कुठला बूट, ओलं मैदान की कोरडं, आदल्या रात्री झोप किती आणि शेवटचा रकाना 'परत कधी खेळला'. चार-पाच सीझनच्या नोंदी चाळल्यावर त्यांना दिसलं की मांडीची मागची शीर बहुतेक वेळा हाफ संपता संपता जाते. मोठ्या फुटबॉल लीगच्या नोंदींतही हेच दिसतं. थकलेला स्नायू लांब होत असताना ब्रेक लावू शकत नाही, आणि जोरात धावताना पाय पुढे फेकला की हॅमस्ट्रिंगला, म्हणजे मांडीच्या मागच्या याच स्नायूला, नेमकं तेच करावं लागतं.

त्यावर सरांनी पोरांना एक व्यायाम लावला. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढं झुकत जायचं. पडणं जमेल तितकं लांबवायचं. डेन्मार्कमध्ये 942 फुटबॉलपटूंवर याचा अभ्यास झाला, तो 2011 मध्ये छापून आला. व्यायाम करणाऱ्या गटात 15 वेळा हॅमस्ट्रिंग दुखावली आणि न करणाऱ्यांत 52 वेळा. स्नायू लांब होत असताना ताण पेलायला शिकतो आणि त्याचे तंतूही थोडे लांबतात. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या भरून यायच्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. आज शाहू स्टेडियमवर मॅचआधी काही संघांची पोरं हा व्यायाम करताना मी बघतो.

निवृत्तीनंतर सरांनी ते रजिस्टर मला दिलं. देताना एक पान उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. मी पडलो त्याच सीझनची ती ओळ, माझ्याच मित्राची. त्याचाही घोटाच मुरगळला होता, पण त्या दिवशी सर बाहेरगावी होते. त्याला कुठं तरी नेलं, साध्या मुरगळण्याला तीन आठवडे प्लास्टर घातलं आणि काढल्यावर पुढं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. शेवटचा रकाना कोरा होता.

"ह्यो भेटतो काय रं तुला?"

"भेटतो की. गंगावेशीत दुकान आहे त्याचं."

"त्याला त्या पायावर उभं राहायला सांग. डोळं मिटून. किती सेकंद राहतोय ते मोज आणि मला कळव."

दुसऱ्या दिवशी गेलो. गिऱ्हाईक नसताना काउंटरमागं त्यानं चप्पल काढली आणि डोळे मिटले. सात सेकंद. दुसऱ्यांदा नऊ. दुकानाबाहेर येऊन मी सरांना फोन लावला.

"लिहून ठेव," सर म्हणाले. "उद्यापास्नं दात घासताना सुरू करायला सांग."