घर बदलले तर कोणी काय कळवायचे? एआर-११ आणि आय-८६५ यांतील फरक

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या मुलाने कोल्हापुरात राहणाऱ्या पत्नीसाठी ग्रीन कार्डचा अर्ज केला आणि तो अर्ज पुरा होण्याआधी किंवा झाल्यावर त्याने घर बदलले, तर नवा पत्ता सरकारला कळवावा लागतो, एवढे बहुतेक कुटुंबांना माहीत असते. नेमके कोणी, कोणत्या कागदावर आणि किती दिवसांत कळवायचे, याबद्दल मात्र बराच गोंधळ दिसतो. याचे कारण असे की अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाकडे, म्हणजे यूएससीआयएसकडे, पत्ताबदलासाठी दोन निरनिराळे फॉर्म आहेत. एक एआर-११ आणि दुसरा आय-८६५. दोन्हींना शुल्क नाही, दोन्हींत जुना व नवा पत्ता लिहायचा असतो आणि दोन्ही एकाच विभागाकडे जातात. त्यामुळे एक भरला की दुसऱ्याचे काम भागले, अशी समजूत सहज होते. ती समजूत चुकीची आहे आणि तिचे परिणाम कित्येकदा काही वर्षांनी समोर येतात.

एआर-११ हा परकीय नागरिकाने स्वतःच्या वास्तव्याबद्दल द्यायचा कागद आहे. अमेरिकेत राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येक परकीय नागरिकाने घर बदलल्यापासून १० दिवसांत नवा पत्ता कळवावा, असे तिथला स्थलांतर कायदा सांगतो. मुत्सद्दी व्हिसावर असलेल्यांना आणि आणखी काही मोजक्या वर्गांना यातून सूट आहे. एच-१बी व्हिसावरचा अभियंता, त्याची एच-४ व्हिसावरची पत्नी, विद्यार्थी व्हिसावरची मुलगी आणि ग्रीन कार्ड मिळून पंधरा वर्षे झालेला काका, या सर्वांना हा नियम सारखाच लागू होतो. ग्रीन कार्ड मिळाले म्हणजे अशा कळवण्यातून सुटका झाली असे अनेकजण मानतात, पण ग्रीन कार्डधारक कायद्याच्या दृष्टीने परकीय नागरिकच असतो. घरातल्या प्रत्येक व्यक्तीचा पत्ता स्वतंत्रपणे कळवावा लागतो. नवऱ्याने स्वतःचा कळवला म्हणून पत्नीचा आपोआप बदलत नाही.

आय-८६५ चा हेतू पूर्णपणे वेगळा आहे. जोडीदाराला ग्रीन कार्डवर नेताना स्पॉन्सर, म्हणजे हमी देणारा, आय-८६४ नावाच्या हमीपत्रावर सही करतो. आपल्या घरातील माणसांच्या संख्येनुसार ठरणाऱ्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के उत्पन्न आपल्याकडे आहे आणि येणाऱ्या व्यक्तीचा सांभाळ आपण करू, असे तो त्यात लिहून देतो. १९९६ च्या कायद्याने हे हमीपत्र न्यायालयात बजावता येईल असे बंधनकारक केले. कोल्हापुरात पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच उमगेल, कारण कर्ज फिटेपर्यंत जामीनदार कुठे राहतो हे संस्थेला माहीत असावेच लागते. तसेच इथेही, हमी चालू असताना स्पॉन्सरचे राहते घर बदलले, तर त्याने ३० दिवसांत आय-८६५ भरून कळवायचे असते. हा फॉर्म येणाऱ्या व्यक्तीचा पत्ता विचारण्यासाठी नसून हमी देणारा कुठे सापडेल हे नोंदवण्यासाठी आहे.

एक कागद दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही, हे केवळ तर्काने काढलेले नाही. स्पॉन्सर स्वतः ग्रीन कार्डधारक असेल, तर त्याने आय-८६५ भरल्याने परकीय नागरिक म्हणून पत्ता कळवण्याचे त्याचे कर्तव्य पूर्ण होत नाही, असे नियमावलीत स्पष्टपणे लिहिलेले आहे. उलट दिशेनेही तेच खरे आहे. २०२३ पासून यूएससीआयएसच्या ऑनलाइन अकाउंटवर पत्ता बदलण्याची सोय झाली आहे, आणि तिथे केलेला बदल एआर-११ म्हणून धरला जातो व प्रलंबित अर्जांवरही लागू होतो. ही सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे गोंधळ थोडा वाढलाही आहे, कारण पडद्यावर पत्ता बदलल्याचा संदेश दिसला की सगळे काम झाले असे वाटते. आय-८६५ हा स्वतंत्र फॉर्म तरीही उरतोच.

आता नवरा कोण आहे यावर बरेच अवलंबून असते. तो अमेरिकी नागरिक असेल, तर एआर-११ चा १० दिवसांचा नियम त्याला लागूच होत नाही. मात्र पत्नीसाठी केलेले आय-१३० पिटिशन, म्हणजे तिला ग्रीन कार्डवर नेण्यासाठी नवऱ्याने यूएससीआयएसकडे केलेला मूळ अर्ज, प्रलंबित असेल तर त्या प्रकरणावरचा पत्ता त्याने याच ऑनलाइन सोयीतून बदलायला हवा, नाहीतर पुढची सर्व पत्रे जुन्या घरी जातील. तो ग्रीन कार्डधारक असेल, तर त्याला दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात: स्वतःचा पत्ता १० दिवसांत कळवणे आणि तो बदल पत्नीच्या पिटिशनवरही झाला आहे याची खात्री करणे. त्यासाठी रिसीट नंबर हाताशी असावा लागतो. हा तीन अक्षरे व दहा अंकांचा क्रमांक पावतीच्या पत्रावर छापलेला असतो.

पिटिशन चालू असताना घाईने आय-८६५ भरणारेही आढळतात, आणि तीही चूकच आहे. हमीपत्रावर सही झाली तरी हमी लागू होते ती पत्नीला कायम वास्तव्य मिळाल्यावर. तोपर्यंत स्पॉन्सर डलासहून सिॲटलला गेला, तर त्याने पिटिशनवरचा पत्ता बदलायचा, पिटिशन मंजूर झाल्यावर व्हिसाचे कागद गोळा करणाऱ्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे प्रकरण गेले असल्यास तिथे कळवायचे, आणि मुलाखतीच्या फाइलमध्ये नव्या पत्त्याचा व नव्या नोकरीचा कागद जोडायचा. घराबरोबर नोकरीही बदललेली असेल, तर वकिलातीतल्या अधिकाऱ्याला पत्त्यापेक्षा उत्पन्नाचीच चौकशी अधिक असते.

कोल्हापुरात असलेल्या पत्नीला या दोन्ही फॉर्मपैकी एकही लागू होत नाही, हे ठामपणे सांगायला हवे. ती अमेरिकेत राहत नाही, म्हणून एआर-११ नाही. तिने कुणाची हमी घेतलेली नाही, म्हणून आय-८६५ नाही. याचा अर्थ तिने घर बदलल्यावर स्वस्थ बसावे असा होत नाही. लग्नानंतर मंगळवार पेठेतल्या माहेरून नागाळा पार्कातल्या सासरी जाणे, सासू-सासऱ्यांनी जुना वाडा सोडून राजारामपुरीत फ्लॅट घेणे, किंवा २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पंचगंगेकाठची अनेक घरे हलली तसे कायमचे स्थलांतर होणे, हे सगळे पत्ताबदलच आहेत. पिटिशन यूएससीआयएसकडे असेपर्यंत तिचा नवा पत्ता नवऱ्याने कळवायचा असतो. प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेले की त्या केंद्राच्या चौकशी फॉर्ममधून कळवता येतो. मुंबईच्या वकिलातीसाठी असलेल्या प्रकरणाचा क्रमांक बीएमबी या अक्षरांनी सुरू होतो, आणि तो क्रमांक प्रत्येक पत्रव्यवहारात द्यावा लागतो. हे केंद्र बहुतेक सूचना ईमेलनेच पाठवते, म्हणून बंद पडलेला ईमेल किंवा बदललेला मोबाइल नंबर हा बदललेल्या घराइतकाच धोक्याचा असतो. व्हिसासाठी पुढचे पाऊल उचला अशी सूचना मिळाल्यावर एक वर्ष काहीच हालचाल झाली नाही, तर प्रकरणाची नोंद रद्द करण्याची तरतूद कायद्यात आहे. आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने हे घडले असे दोन वर्षांच्या आत सिद्ध केले तर ती पुन्हा सुरू होऊ शकते, पण ते सिद्ध करत बसण्याची वेळ का येऊ द्यावी?

व्हिसाच्या डीएस-२६० या ऑनलाइन अर्जात वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सर्व पत्ते विचारले जातात. तो अर्ज सादर केल्यानंतर घर बदलले, तर स्वतः आत जाऊन दुरुस्ती करता येत नाही. तो पुन्हा उघडून देण्याची विनंती करावी लागते किंवा मुलाखतीच्या वेळी अधिकाऱ्याला बदल सांगावा लागतो. मधल्या काळातील भाड्याची खोली किरकोळ समजून वगळू नये, कारण पोलीस चौकशी, भाडेकरार आणि अर्ज या तिघांतील पत्ते जुळले नाहीत तर प्रश्न विचारले जातात. पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणाऱ्या पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्रासाठी अर्जातील सध्याच्या पत्त्यानुसार चौकशी जाते, म्हणजे घर शाहूपुरीत असेल तर शाहूपुरी पोलीस ठाण्याकडे आणि राजारामपुरीत असेल तर राजारामपुरी ठाण्याकडे. म्हणून प्रमाणपत्राचा अर्ज करण्याआधी नव्या घराचा पुरावा तयार ठेवणे शहाणपणाचे आहे. मात्र आधार कार्डावर पत्ता बदलला किंवा पासपोर्ट नव्या पत्त्याने पुन्हा काढला, म्हणून अमेरिकेच्या कोणत्याही कार्यालयाला तो कळत नाही. भारतातील ही नोंद आणि तिथली नोंद यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही.

दोन्ही फॉर्म एकाच कुटुंबाला एकाच वेळी भरावे लागतात तो क्षण म्हणजे पत्नीचे अमेरिकेत पोहोचणे, आणि माझ्या मते सर्वाधिक चुका इथेच होतात. व्हिसाच्या वेळी व विमानतळावर दिलेल्या पत्त्यावर तिचे ग्रीन कार्ड टपालाने येते. नवरा तोवर मित्रांबरोबर एका खोलीत राहत असतो. ती येणार म्हणून तो दोन खोल्यांचे घर घेतो, आणि ती उतरल्यावर पंधरवड्यातच दोघे तिथे राहायला जातात. त्या दिवसापासून तिचे १० दिवस सुरू होतात, कारण आता ती अमेरिकेत राहणारी परकीय नागरिक आहे. नवरा ग्रीन कार्डधारक असेल तर त्याचेही १० दिवस सुरू होतात. शिवाय तिला कायम वास्तव्य मिळालेले असल्यामुळे हमी लागू झालेली असते, म्हणून स्पॉन्सर या नात्याने त्याचे ३० दिवसही त्याच दिवसापासून मोजले जातात. थोडक्यात, एका घरबदलावर तीन नोंदी लागतात: तिची एआर-११, त्याची एआर-११ आणि त्याची आय-८६५. तो अमेरिकी नागरिक असेल तर मधली नोंद गळते, उरलेल्या दोन राहतात. केवळ अमेरिकेच्या टपाल खात्याला पत्ताबदल कळवून भागत नाही. ती पत्रे पुढच्या घरी वळवली जातीलच असे नाही, आणि यूएससीआयएसच्या नोंदीत तर त्यामुळे काहीच बदल होत नाही.

जॉइंट स्पॉन्सर असेल तर त्याचीही आठवण ठेवावी लागते. नवऱ्याचे उत्पन्न कमी पडले म्हणून न्यू जर्सीतल्या मामांनी हमीपत्रावर सही केली, तर तीच जबाबदारी मामांवरही येते. निवृत्तीनंतर ते फ्लोरिडाला राहायला गेले, तर त्यांनीही ३० दिवसांत आय-८६५ भरायचा असतो. भाचीसाठी सही करणाऱ्या माणसाला हे आधीच सांगणे हे तिच्या आईवडिलांचे कर्तव्य आहे, असे मला मनापासून वाटते, कारण सहीच्या दिवशी सगळे आनंदात असतात आणि पुढची कित्येक वर्षे कुणालाही या अटीची आठवण राहत नाही.

दंडाची तरतूदही दोन्हींची वेगवेगळी आहे. पत्ता न कळवणे हा परकीय नागरिकासाठी फौजदारी स्वरूपाचा किरकोळ गुन्हा आहे. स्थलांतर कायद्याच्या मूळ कलमात २०० डॉलरपर्यंत दंड किंवा ३० दिवसांपर्यंत कैद किंवा दोन्ही असे म्हटले आहे, तर नंतरच्या सर्वसाधारण दंडविषयक कायद्याने दंडाची कमाल मर्यादा ५,००० डॉलरपर्यंत नेली आहे. याखेरीज, चूक हेतुपुरस्सर नव्हती किंवा तिला समर्थनीय कारण होते हे पटवून देता आले नाही, तर देशाबाहेर काढण्याचीही तरतूद आहे. आय-८६५ न भरणाऱ्या स्पॉन्सरला दिवाणी दंड होतो आणि तो २५० ते २,००० डॉलर असतो. ज्याची हमी घेतली त्या व्यक्तीने उत्पन्नावर आधारित सरकारी मदत घेतल्याचे ठाऊक असूनही त्याने पत्ता कळवला नसेल, तर तो २,००० ते ५,००० डॉलरपर्यंत जातो. तिला कैद किंवा हद्दपारी होऊ शकते आणि त्याला पैशांचा दंड होतो, एवढ्यावरूनच दोन्ही कागद वेगळ्या हेतूने केले आहेत हे लक्षात यावे.

प्रत्यक्षात मात्र दंडापेक्षा हुकलेल्या पत्रामुळे होणारे नुकसान जास्त वेळा घडते, आणि ज्या पत्नी आधीपासून अमेरिकेत राहून तिथूनच ग्रीन कार्डचा अर्ज करतात त्यांना त्याचा विशेष फटका बसतो. अधिक पुरावा मागणारे पत्र आले तर उत्तरासाठी जास्तीत जास्त १२ आठवडे मिळतात आणि ती मुदत वाढवून मिळत नाही. मुलाखतीची तारीख कळली नाही आणि अर्जदार गैरहजर राहिली, तर तिने अर्ज सोडून दिला असे मानून तो फेटाळता येतो. नोंदीत असलेल्या पत्त्यावर पत्र पाठवले, एवढे विभागाला पुरेसे असते. ते हाती पडले नाही ही तक्रार, पत्ता वेळेवर कळवलेला नसेल तर, फारशी टिकत नाही. वकील नेमला असेल तर त्याला सांगणे आवश्यक आहे, पण वकिलाला सांगितले म्हणजे विभागाला कळवले असे होत नाही. ऑनलाइन बदल केल्यावर येणारी पोच आणि टपालाने पाठवलेल्या आय-८६५ ची प्रत व रजिस्टर टपालाची पावती, हे दोन्ही ग्रीन कार्डच्या फाइलमध्ये जपून ठेवावे.

ही कर्तव्ये कधी संपतात, यातही फरक आहे. घटस्फोट झाला तरी स्पॉन्सरची हमी संपत नाही, म्हणून वेगळे राहू लागलेल्या नवऱ्यानेही प्रत्येक घरबदल आय-८६५ वर कळवत राहायचे असते. पत्नी अमेरिकेची नागरिक झाली, तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या जमा झाल्या, ती कायम वास्तव्याचा हक्क सोडून देशाबाहेर गेली, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला, तर हमी संपते. या ४० तिमाह्या म्हणजे साधारण १० वर्षांचे काम. त्या पूर्ण झाल्या तरी ती नागरिक झाली नसेल तर तिची एआर-११ मात्र चालूच राहते. तिने नागरिकत्वाची शपथ घेतली की तिची एआर-११ आणि त्याची तिच्याबाबतची आय-८६५ ही दोन्ही कर्तव्ये एकाच दिवशी संपतात. नवरा स्वतः अजून ग्रीन कार्डवरच असेल, तर पुढच्या घरबदलालाही त्याचे १० दिवस उरतातच.